नखांमधील बदल आणि शरीरातील आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागातून तपासणीसाठी येणारे बहुतेक रुग्ण नखांसाठी आलेले नसतात. ते थकवा, खोकला, सांधेदुखी किंवा खाज यांसाठी येतात, आणि बोलता बोलता हात पुढे करून विचारतात, “डॉक्टर, नखं अशी का झालीत?” पुढील प्रश्न त्यांनी विचारलेले आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट मनाशी धरली आहे : नख आजाराचे नाव सांगत नाही, परंतु काही वेळा ते आजाराकडे बोट दाखवते, आणि ते दाखवत असताना आपण तिकडे पाहणे आवश्यक असते.

शरीराच्या आतील आजार नखावर कसा काय उमटतो?

आपल्याला दिसणारे नख हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव पत्रा आहे. तो तयार होतो नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली झाकलेल्या जिवंत पेशींमध्ये. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जी पांढरी चंद्रकोर दिसते, ती याच मुळाची बाहेरून दिसणारी कडा होय. या पेशींना रक्तपुरवठा, लोह आणि प्रथिने सतत लागतात. त्यात खंड पडला तर त्या काळात तयार झालेल्या नखाचा आकार किंवा जाडी बदलते. नखाखालच्या त्वचेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि नख अर्धपारदर्शक असल्यामुळे रक्ताचा फिकटपणा किंवा निळेपणा आरपार दिसतो. म्हणून नख पाहताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात : बदल नखाच्या पत्र्यात आहे, नखाखालच्या त्वचेत आहे, की नखाभोवतीच्या कातडीत आहे? या तिन्हींची कारणे निरनिराळी असतात.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते आणि ते मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला सुमारे ६ महिने लागतात. पायाचे नख याच्या निम्म्याहून कमी वेगाने वाढते. अंगठ्याच्या नखाला वर्ष ते दीड वर्ष लागू शकते. उपचार सुरू केल्यावर पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून औषध सोडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

नखांवर पांढरे ठिपके येतात, ते कॅल्शियम कमी असल्याचे लक्षण आहे का?

नाही. हा समज इतका रुजलेला आहे की पालक मुलांना परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. नखावरचे सुटे पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुळाशी झालेल्या किरकोळ माराने येतात. दारात बोट चेमटणे, नखे कुरतडणे, बाकावर बोटे आपटत राहणे एवढेही पुरते. तो मार काही आठवड्यांपूर्वीचा असल्याने आठवत नाही. आकाशातून बगळ्यांची रांग चालली की नखे एकमेकांवर घासत त्यांच्याकडे फूल मागण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेला आहे. ते फूल नखाबरोबर पुढे सरकत जाऊन शेवटी कापले जाते आणि त्याला कोणताही उपचार लागत नाही.

मात्र सर्व नखे एकसारखी पांढरी पडू लागली, तर तो वेगळा विषय आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

माझी नखे मधोमध खोलगट होऊन चमच्यासारखी झाली आहेत. हे कशामुळे?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा लोहाच्या कमतरतेत सापडते आणि ती कमतरता भरून काढता येते. नख प्रथम पातळ होते, मग सपाट होते आणि शेवटी कडा वर येऊन मध्यभागी खळगा पडतो. पाण्याचा एक थेंब सोडला तर तो ओघळून न जाता तिथेच राहतो. सोबत धाप लागणे, चक्कर, केस गळणे, तोंडाच्या कोपऱ्यात चिरा पडणे किंवा माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे यांपैकी काही असेल तर शंका आणखी बळावते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. उसाच्या तोडणीवर किंवा द्राक्षबागेत दिवसभर राबून घरी सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवणारी बाई थकव्याला आजार मानतच नाही. ती म्हणते, “काम केल्यावर दमणारच की.” तिची नखे पाहिली की ते दमणे केवळ कामाचे नाही हे कळते. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमच्या, गरोदरपणी ११ च्या आणि पुरुषामध्ये १३ च्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, तो फेरिटिन या तपासणीत कळतो.

गोळी सुरू करणे हे अर्धेच काम आहे. लोह कुठे गेले हे शोधणे हे उरलेले अर्धे. पाळीतील जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, मूळव्याध, शेतात अनवाणी चालण्याने होणारे आकडकृमी, ही नेहमीची कारणे आहेत. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता आढळली तर जठर आणि आतड्यातून रक्त जात नाही ना, याचा तपास झालाच पाहिजे, कारण आतड्याचा कर्करोग कधी कधी याच एका खुणेने ओळखला जातो. लोहाची गोळी जेवताना चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लाभ होतो. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरण्याचे कारण नाही. हिमोग्लोबिन वाढल्यावरही साठा भरेपर्यंत गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि नखाचा खळगा जायला तेवढाच किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

तान्ह्या आणि अगदी लहान मुलांची, विशेषतः पायाची, नखे चमच्यासारखी असणे बहुधा नैसर्गिक असते आणि वयाबरोबर ती आपोआप सरळ होतात.

वडिलांच्या बोटांची टोके फुगली आहेत आणि नखे गोल वळली आहेत, पण दुखत काहीच नाही. दाखवायला हवे का?

हवे, आणि याच आठवड्यात. या बदलाला डॉक्टर क्लबिंग म्हणतात. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी छातीत पू झालेल्या रुग्णांमध्ये त्याची नोंद केली होती. दुखत नाही, हीच त्यातली अडचण आहे. घरातली माणसे “हात पहिल्यापासूनच असे आहेत” असे म्हणून मोकळी होतात.

घरी करून पाहण्यासारखी एक साधी चाचणी आहे. दोन्ही हातांची तर्जनी किंवा अनामिका घेऊन त्यांची नखे एकमेकांना पाठीकडून टेकवावीत आणि उजेडाकडे धरावीत. निरोगी बोटांमध्ये दोन नखांच्या बुडाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. क्लबिंगमध्ये नखाच्या बुडाचा भाग भरून येतो आणि ती फट नाहीशी होते. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅम्रॉथ यांना स्वतःला हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग झाला असताना हा बदल स्वतःच्याच बोटांवर जाणवला आणि १९७६ मध्ये त्यांनी ही चाचणी मांडली.

क्लबिंगमागे फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातील गळू, श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साठत राहण्याचा आजार, फुप्फुस घट्ट होत जाण्याचे आजार, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, यकृताचा सिरोसिस (यकृत कायमचे घट्ट व निकामी होत जाणे) आणि आतड्याचा दीर्घकाळचा दाह यांपैकी काही असू शकते. जन्मतः हृदयदोष असलेल्या आणि ओठ निळे पडणाऱ्या मुलांमध्येही ते दिसते. काही कुटुंबांत ते पिढीजात असते आणि त्याचा काही त्रास नसतो, परंतु तसा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो, आधी नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने लिहितो. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्याला जो खोकला व दम लागतो, तो श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट आजार एकट्याने क्लबिंग करत नाही. त्यामुळे बिडी ओढणाऱ्या माणसाच्या बोटांची टोके नव्याने फुगू लागली तर “हा त्याचा नेहमीचाच खोकला” असे समजणे धोक्याचे आहे. त्याचा छातीचा एक्स-रे तातडीने व्हायला हवा. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला असल्यास थुंकीची क्षयरोगासाठीची तपासणीही करून घ्यावी, ती सरकारी केंद्रात विनामूल्य होते.

डेंग्यू होऊन गेल्यानंतर सर्व नखांवर आडवी खाच पडली आहे. शरीरात अजून काही शिल्लक आहे का?

बहुधा नाही. तीव्र तापाच्या काळात नखाच्या मुळाने काही दिवस काम जवळजवळ थांबवले होते, त्याची ती खूण आहे. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये या खाचांचे वर्णन केले, म्हणून त्यांना बो-रेषा म्हणतात. विषमज्वर, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया, कोविड, कर्करोगावरची केमोथेरपी यांनंतर त्या येतात. गणपतीच्या दिवसांत ताप येऊन गेला असेल तर दिवाळीच्या सुमारास खाच नखाच्या खालच्या भागात दिसू लागते आणि संक्रांतीपर्यंत नखाच्या मध्याच्या पुढे सरकते. नखाचे मूळ कातडीखाली असल्यामुळे खाच बाहेर पडायलाच काही आठवडे जातात. म्हणून मिलिमीटर मोजून काढलेल्या तारखेत तेवढे दिवस आणखी मागे जावे.

लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या विषाणुजन्य आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी नखे मुळापासून सुटून गळतात. आई-वडील घाबरून जातात, पण खाली नवे नख तयार होत असते.

खाच एकाच बोटावर असेल तर त्या बोटाला लागलेला मार किंवा नखुरडे आठवून पाहावे. आणि एकाच नखावर एकाखाली एक अशा अनेक खाचा येत राहिल्या, तर नखाच्या बुडाची कातडी सतत खाजवण्याची किंवा ढकलण्याची सवय हे त्याचे सर्वसाधारण कारण असते.

नखे पिवळी दिसतात, कावीळ असेल का?

कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, दिवसाच्या उजेडात पाहावी. नखावरून ती ठरवू नये. सांगली हे हळदीचे मोठे व्यापारी केंद्र असल्याने हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, पोती भरणे या कामांतील लोकांची नखे पिवळी असणारच. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातल्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या, कारागिरांच्या नखांवर व बोटांवर नायट्रिक ॲसिडमुळे पिवळे डाग पडतात. मेंदी, बिडी आणि बराच काळ ठेवलेले गडद नेलपॉलिश यांचेही डाग पडतात.

बाहेरचा डाग ओळखण्याची खूण अशी की, काम थांबवल्यावर काही आठवड्यांनी बुडाशी स्वच्छ नख दिसू लागते आणि डागाची खालची कडा कातडीच्या घडीला समांतर असते. सर्व नखे पिवळी, जाड झाली, त्यांची वाढ जवळजवळ थांबली आणि सोबत पायांवर सूज किंवा दम असेल, तर मात्र फुप्फुस आणि लसिकावाहिन्यांशी संबंधित एक दुर्मीळ आजार विचारात घ्यावा लागतो.

नख जाड, मातकट आणि ठिसूळ झाले आहे. ही बुरशीच असते ना?

अनेकदा असते, परंतु पाहताक्षणी खात्री देता येत नाही. नखाच्या तक्रारींपैकी सुमारे निम्म्या बुरशीच्या असतात, म्हणजेच उरलेल्या निम्म्या नसतात. नखाचा कीस काढून पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय महिनोन्‌महिने बुरशीची गोळी घेऊ नये. ती हाताच्या नखांसाठी साधारण ६ आणि पायाच्या नखांसाठी १२ आठवडे घ्यावी लागते आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती जपूनच घ्यायची असते. मेडिकलमधून मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावल्याने बुरशी दबून पसरते. गेल्या काही वर्षांत याचे जे परिणाम रुग्णांच्या अंगावर दिसतात, ते पाहून वाईट वाटते.

बुरशीसारखा दिसणारा मोठा आजार म्हणजे सोरायसिस, हा त्वचेचा जुनाट आजार आहे. त्यात नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा तांबूस डाग आणि टोकाकडून नख सुटणे असे बदल दिसतात. ज्यांच्या नखांवर सोरायसिस आहे त्यांना सांध्यांचा सोरायसिस होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अशा रुग्णाला मी सकाळी बोटे ताठ होतात का, टाच दुखते का, हे विचारतोच. सांधे वेळेवर सांभाळले नाहीत तर ते कायमचे वाकडे होतात.

मधुमेही व्यक्तीने पायाचे जाड नख स्वतः ब्लेडने कापू नये.

नखावर काळी रेघ आली आहे. हा कर्करोग असू शकतो का?

सावळ्या वर्णाच्या माणसांमध्ये एकाहून अधिक नखांवर तपकिरी किंवा काळसर उभ्या रेघा असणे अगदी सामान्य आहे. वयाबरोबर त्या वाढतात. केमोथेरपी व काही इतर औषधांमुळेही त्या येतात. बी १२ जीवनसत्त्व कमी असेल तर नखे आणि बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमी आढळते आणि उपचारानंतर रंग निवळतो. दगड पडून साकळलेले रक्तही काळे दिसते, पण ते नखाबरोबर पुढे सरकते.

तरीही नखाखालचा मेलॅनोमा हा कर्करोग असा आहे की तो उशिरा ओळखला तर जीव जातो. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो आढळला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इतर बहुतेक बदलांत एकच नख बिघडले असेल तर आपण निश्चिंत होतो. येथे नियम उलटा आहे. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नव्याने आलेली, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद, रंगात एकसारखी नसलेली, महिन्यागणिक रुंदावणारी रेघ, किंवा नखाच्या बुडाच्या कातडीवर पसरलेला काळा रंग, यांपैकी काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. नखाखालचा तुकडा तपासणीसाठी काढावा लागला तर नकार देऊ नये. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हे खरे नाही.

सर्व नखे पांढरी पडणे म्हणजे यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार का?

तशी शक्यता असते. जवळजवळ संपूर्ण नख दुधी काचेसारखे पांढरे आणि टोकाशी एक-दोन मिलिमीटरचा गुलाबी-तपकिरी पट्टा, असे चित्र यकृताच्या सिरोसिसमध्ये दिसते, हे रिचर्ड टेरी यांनी १९५४ मध्ये दाखवले. हृदय कमकुवत झालेल्यांत, मधुमेहात आणि वृद्धापकाळातही ते दिसते. बुडाचा अर्धा भाग पांढरा आणि टोकाकडचा भाग तांबूस-तपकिरी असेल तर मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराची तपासणी करावी. रक्तातील प्रथिन फार कमी झाले तर जोडीजोडीने आडवे पांढरे पट्टे येतात. ते नखाखाली असल्यामुळे नख दाबले की दिसेनासे होतात आणि नखाबरोबर पुढे सरकत नाहीत. या सर्वांची शहानिशा रक्त आणि लघवीच्या साध्या तपासण्यांनी होते.

नखे निळी पडली तर?

महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत नखे निळसर होऊन शेकल्यावर पूर्ववत होत असतील तर चिंता नको. थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर संधिवाताच्या गटातील आजारांसाठी तपासणी करावी. ओठ आणि जीभही निळी असेल तर शरीरात प्राणवायू कमी आहे. वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नखाखाली काडी गेल्यासारख्या बारीक लाल रेषा दिसतात.

शेतात, गवंडीकामात किंवा गाड्यांच्या दुरुस्तीत हात वापरणाऱ्यांमध्ये त्या माराने येतात आणि टोकाकडे असतात. बरेच दिवस ताप, वजन घटणे आणि पूर्वीपासून हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर मात्र त्या झडपेच्या संसर्गाची खूण असू शकतात.

नखाभोवतीची कातडी सतत सुजलेली आणि दुखरी असते.

एकाएकी ठणकून पू झाला तर ते नखुरडे. त्याला निचरा आणि प्रतिजैविक लागते. पण महिनोन्‌महिने रेंगाळणारी सूज बहुधा ओल्या कामाची असते. भांडी-धुणी, खानावळीतील काम, द्राक्षाच्या घडांचे डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) यांत कातडी आणि नख यांच्यातील सांधा सुटतो आणि आत पाणी व यीस्ट शिरते. हात कोरडे ठेवणे हाच येथे मुख्य उपचार आहे. रबरी मोज्याच्या आत सुती मोजा घालावा. अनेक बोटांना वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी.

नखे टोकाकडून सुटत चालली आहेत, बुरशी नाही असे सांगितले आहे.

थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. या ग्रंथीचा स्राव वाढल्यावर, विशेषतः अनामिकेपासून, नखे सुटू लागतात. सोबत हात थरथरणे, छातीत धडधड, वजन घटणे असते.

बायोटिनच्या गोळ्या घेतल्या तर नखे सुधारतील का?

बायोटिन हे बी गटातील एक जीवनसत्त्व आहे. ज्यांच्यात त्याची कमतरता नाही त्यांना फारसा लाभ होत असल्याचे भक्कम पुरावे नाहीत. शिवाय बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. आपण या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी सांगावे.

तपासणीला येताना काय तयारी करावी, आणि कुठे जावे?

सुरुवात गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करावी. पुढील तपासण्यांसाठी सांगली आणि मिरज येथे शासकीय रुग्णालये आहेत. येण्यापूर्वी दोन्ही हातांचे आणि पायांचे नेलपॉलिश काढावे. गडद नेलपॉलिशमुळे बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरचे आकडेही चुकू शकतात. आदल्या दिवशी नखे बारीक कापू नयेत, कारण बुरशीच्या तपासणीसाठी कीस लागतो, आणि त्यापूर्वी काही आठवडे बुरशीचे मलम लावलेले नसावे. महिन्याच्या अंतराने, त्याच उजेडात काढलेले मोबाईलमधील दोन फोटो फार उपयोगी पडतात. आपण काय काम करता, कोणती औषधे घेता आणि गेल्या सहा महिन्यांत कोणते आजारपण झाले, हे न विचारता सांगावे. आणि चपला बाहेर काढून आलात तरी पायमोजेही उतरवावेत. काळी रेघ पायाच्या अंगठ्यावर असेल तर ती मोज्याच्या आत राहून जाते.